शून्य टाकलं तर?

सोमवार, ९ जानेवारी १९७८

आमच्या संस्थेच्या केसरीनाथ सरांनी आज ते बाड माझ्या टेबलावर आपटलं. दोनशे चौदा पानं, इंग्रजी, सायक्लोस्टाइल, निम्मी पुसट. "तुळजाबाई, याचं मराठीत पंचवीस पानांचं करा. नव्या वर्गातल्या मुलींना समजेल असं." जणू पोहे करायला सांगताहेत!

बाड म्हणजे मुंबईच्या संगणक केंद्रातली सबरूटीन लायब्ररी. सरासरी काढा, टक्के काढा, क्रम लावा – असली नेहमीची कामं करणारे आयते फोरट्रान प्रोग्रॅम. आपण नुसती नावाने हाक मारायची, आकडे हवाली करायचे, उत्तर घ्यायचं. सोपं आहे. पण सोपं आहे हे त्या दोनशे चौदा पानांत कुठेही लिहिलेलं नाही! पहिल्याच पानावर म्हटलंय की वाचकाला सगळं ठाऊक आहे असं आम्ही धरून चालतो. ठाऊक असतं तर वाचक इथे कशाला आला असता?

मी हे तीन वर्षं डोकं आपटून शिकले. केंद्रात चार मुलगे आणि मी. काही विचारलं की हसायचे. मग मी विचारणंच सोडलं, आणि रविवारी एकटी बसून बाड वाचायला लागले. आईच्या दम्यामुळे भिवंडीला परत यावं लागलं नसतं तर अजून तिथेच असते. आता या पोरींना ताटात वाढून का द्यायचं? – असं मनात आलं खरं. इथे खोटं कशाला लिहू.

मंगळवार, १० जानेवारी

आईला लायब्ररीचं काम सांगितलं. म्हणाली, "लायबरीत हायस, मंग येक तरी पुस्तक घरी का न्हाय आनत?"

शुक्रवार, १३ जानेवारी

पहिला वर्ग. तिघीजणी – कोन गावची गोदू, वडप्याची हौसा, आणि पडघ्याच्या वरच्या पाड्यावरची तानी. तिघी मॅट्रिक. तानी तिच्या पाड्यातली पहिलीच. तिचा नवरा धाकल्या, तो दिवाळीपासून वीटभट्टीवर आहे, ही इथे हौसाच्या घरी राहते. एवढंच कळलं. बोलतच नाही फार.

मशीन मुंबईत, आम्ही इथे एस. टी. स्टँडमागच्या माडीवर. खाली लूम. खटखट इतकी की वर ओरडूनच शिकवायचं. कोडिंग शीटवर लिहायचं, बुधवारी मुंबईला न्यायचं, तिथे त्याची कार्डं पंच होतात, आमच्या वाट्याच्या एका तासात मशीनवर चढतात, शुक्रवारी कागद हातात. म्हणजे एक चूक म्हणजे एक आठवडा. आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात समितीला आकडे हवेत.

आकडे कशाचे? पडघ्यापलीकडच्या नऊ पाड्यांतली पाच वर्षांखालची २१२ मुलं. गेल्या जूनमध्ये वजनं घेतली, तेव्हापासून तिथे दूध आणि सुकडी वाटायचं केंद्र चालू आहे. आता या महिन्यात पुन्हा वजनं. केंद्र तिथे ठेवायचं की हलवायचं, ते समिती या आकड्यांवर ठरवणार.

दोन तास शिकवलं. विचारलं, समजलं? तिघींनी माना डोलावल्या. मग म्हटलं, लिहून दाखवा. तीन कोरे कागद!

रविवार, १५ जानेवारी

मोरूदादाची, माझ्या भावाची, आज लूमवर शिफ्ट नव्हती. जेवताना त्याच्याकडे कुरकुर केली. तो हसला. म्हणाला, "तुळजे, आमच्या जॉबरचाचाला इचार. नवीन मानूस लूमवं आला का चाचा पयल्या दिवशी त्याला कायपन शिकवत न्हाय. नुसता बाजूला उभा करतो न् म्हनतो, पूछ." का? तर चाचाचं, म्हणजे त्यांच्या मुकादमाचं, म्हणणं – आज जे विचारशील ते तिसऱ्या दिवशी विचारणार नाहीस. तोवर खटखटीची सवय होते. मग धागा का तुटतो ते ना तू विचारणार, ना मी सांगणार. "जो समझ गया वो पूछता नहीं, जो नहीं समझा वो शरम के मारे नहीं पूछता."

चाचा सही करताना अंगठा उठवतो. मुंबईच्या संगणक केंद्रातल्या कुणाला हे सुचलं नव्हतं. मलाही नाही.

सोमवार, १६ जानेवारी

एक वही आणली, दोनशे पानी. वर लिहिलं – प्रश्न. तिघींना बजावलं, उत्तर नको, नुसते प्रश्न लिहा. कितीही खुळे असोत. उद्या ते तुम्हालाच सुचणार नाहीत.

पहिल्यांदा लाजल्या. मग सुटल्या! गोदू – कार्डाला इतकी भोकं पाडली तर ते फाटत नाही का? हौसा – मशीनला राग आला ते कसं कळतं? गोदू – सबरूटीनला आपण हाक मारली, पण ते राहतं कुठे? (हा प्रश्न खुळा नाहीच. मला तो सहा महिने पडला होता.) हौसा – आपले आकडे नेऊन ते परत देतं की ठेवून घेतं? हाही फार चांगला.

तानीने सगळ्यांत शेवटी वही घेतली. एकच ओळ लिहिली. मग तोंडाने पण म्हणाली, "बाई, वजनात सुन्य टाकलं त मशीन काय करतं?"

म्हटलं, "अगं, तराजूवर शून्य किलोचं पोर कुठं पाहिलंस?" गोदू-हौसा खो खो हसल्या. मीही. तानीने पेनला टोपण लावलं.

चांगला गेला दिवस.

शुक्रवार, २० जानेवारी

पुस्तिका लिहायला घेतलीय. खरी मेख आता कळते – काय लिहायचं यापेक्षा काय गाळायचं, ते अवघड. बाडातल्या एकेका सबरूटीनला नऊ-नऊ तळटिपा. नवख्याला सगळ्या दिल्या तर तो पळून जाईल.

सरासरीचं सबरूटीन आज संपवलं. पान तीन. हाक मारताना कंसात तीन गोष्टी द्यायच्या: आकड्यांची यादी, उत्तर ठेवायची जागा, आणि शेवटी एन. या एनमध्ये ते काहीतरी परत देतं. मी लिहिलं – "शेवटी एन लिहा. त्याचा विचार करू नका." वा! सुटसुटीत. बाडात ८८व्या पानावर त्याला बारीक टाइपात एक तळटीप आहे. ती घेतली नाही. नवख्याला काय करायची?

प्रश्नांच्या वहीतले एकवीस प्रश्न घेतले, सहा गाळले. ते खुळे.

मंगळवार, २४ जानेवारी

पान तीन पाचव्यांदा फाडलं. 'अर्थात' हा शब्द जिथे जिथे लिहिला तिथे तिथे मला स्वतःलाच ते नीट येत नव्हतं, असं दिसून आलं. आता 'अर्थात' बंद.

बुधवार, १ फेब्रुवारी

पोरींनी स्वतः लिहिलेला पहिला प्रोग्रॅम घेऊन मुंबईला गेले. पुस्तिकेवरून. मी एका अक्षराला हात लावला नाही. जिभेवर ताबा ठेवताना फार त्रास होतो मला!

येताना एस. टी.त माझ्या मागच्या आठवड्याच्या चाचणीची कार्डं मांडीवरून घसरली. कंडक्टर खाली वाकून गोळा करायला लागला. म्हणाला, "काय ताई, पत्ते एवढे? रमी का तीन पत्ती?" सगळी बस हसली. क्रम पार बिघडला. ठाण्यापासून भिवंडीपर्यंत लावत बसले.

शुक्रवार, ३ फेब्रुवारी

कागद आला. डोक्याला हात लावला. एक वर्षाची पोरं नऊ वर्षांची झालीत! पाच किलोची चार किलोची!

अर्धा तास चूक सापडेना. मग कळलं – पोरींनी शीटवर मराठी आकडे लिहिले. १ आणि ५. तिकडे पंचिंगला बसते ती बाई केरळची. तिने १ पाहिला, ९ वाचला. ५ पाहिला, ४ वाचला. तिचा काय दोष? आणि पोरींचा तरी काय? पुस्तिका मराठीत, उदाहरणातले आकडे मी मराठीत छापलेले! बघून बघून तसेच उतरवले त्यांनी.

गोदू रडकुंडीला आली. तिला म्हटलं, ही चूक माझी. बोलले तेव्हा बरं वाटलं. मोठेपणाही वाटला थोडा. पुस्तिकेतले सगळे आकडे इंग्रजी करते. आठवडा गेला, पण शिकले.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

आलं! बरोबर आलं! एकही चूक नाही!

वयाच्या मानाने जितकं वजन हवं, ते शंभर धरलं तर जूनमध्ये आपल्या मुलांची सरासरी होती ६८. आता ७१. वाढली! तीनही पोरींची नावं मी प्रोग्रॅमच्या वरच्या कार्डावर घालायला लावली होती, ती कागदावर छापून आली. हौसाने कागद कपाळाला लावला. गोदूने तिथल्या तिथे मला मिठी मारली. तानी बराच वेळ कागद बघत बसली.

मला पुस्तिका हातात धरून नाचावंसं वाटलं. पंचवीस पानं. मुंबईच्या संगणक केंद्रातल्या त्या चौघांना एकेक प्रत पाठवणार आहे. टपालखर्च माझा!

शनिवार, ४ मार्च

समिती बसली. ६८ चे ७१ ऐकून टाळ्या. पेढे. एक सभासद म्हणाले, मराठीतून काँप्युटर, तोही भिवंडीत! केसरीनाथ सरांनी मला उभं केलं.

ठराव – या पाड्यांवर सुधारणा दिसते, तेव्हा दुधाचं केंद्र १ एप्रिलपासून इथून हलवून दुसऱ्या तालुक्यात न्यावं.

तानीला पेढा दिला. तिने पदराला बांधला.

सोमवार, ६ मार्च

तानी सकाळी माझ्याआधी येऊन बसली होती. पुढ्यात कागद, आणि एका कोऱ्या पानावर तिने हाताने केलेल्या बेरजा. दोन दिवस बेरजा करत होती!

"बाई, मशीननं कितीनं भागलं?"

"म्हणजे?"

"पोरं दोनशे बारा. मी दोनशे बारानं भागते त येकाहत्तर येत न्हाय. लई कमी येतं."

मी चिडले. म्हटलं, तानी, जी मुलं आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेली त्यांची जागा कोरी सोडली ना आपण? ती धरायची नसतात. मशीन ती सोडून देतं.

"ती अडतीस. ठावं हाय मला. मीच कोरी सोडली." तिने शीट पुढे ओढली. "सुन्य टाकलेली नऊ हायेत. तीपन सोडली का त्यानं?"

कसली शून्यं, विचारलं. तिने बोटाने शीटवरच्या एकेका ओळीवर दाखवलं. नऊ ठिकाणी वजनाच्या चौकोनात शून्य. तिचंच अक्षर.

"जूनात व्हती. आता न्हाय," म्हणाली. "गोवराची साथ आलती ना आसूमासात, दसऱ्याआधी."

माझ्या तोंडून निघालं, मग कोरंच का नाही सोडलंस?

"कोरं सोडलं त भट्टीवं गेल्यावानी दिसंल. ती भट्टीवं न्हाय गेली, बाई. कोरं कसं सोडायचं?"

खाली लूम चालू होते. मला काही ऐकू येत नव्हतं.

मंगळवार, ७ मार्च

बाड काढलं. पान ८८. तळटीप. बारीक टाइप. दोन ओळी: ज्या जागी शून्य असेल ती माहिती उपलब्ध नाही असं समजून वगळली जाते. प्रत्यक्ष किती आकडे धरले, ती संख्या एनमध्ये परत मिळते.

मशीनला कोरा चौकोन आणि शून्य एकच. कोरं ठेवा, ते शून्यच वाचतं. लायब्ररी लिहिणाऱ्यांना हे माहीत होतं, म्हणून त्यांनी तशी सोय केली आणि खाली प्रामाणिकपणे लिहूनही ठेवलं. पुसट, बारीक, पण लिहिलं. मी गाळलं. "त्याचा विचार करू नका" – हे माझं वाक्य! पोरींनी नाही केला विचार. सांगितल्याबरहुकूम.

एन छापला असता तर १६५ आला असता. कुणीही विचारलं असतं – बाकीची सत्तेचाळीस कुठं गेली?

आज दिवसभर हाताने हिशेब केला. त्याच १६५ मुलांचं जूनचं काढलं. त्यांची जूनमध्येच सरासरी ७१ होती. म्हणजे कुणाचंच काही वाढलेलं नाही. जी सगळ्यांत हलकी होती, ती भट्टीवर गेली नाहीतर मेली. उरली ती मुळातच जरा बरी होती. आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. मी पेढा खाल्ला.

बुधवार, ८ मार्च

सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "तुळजाबाई, अहवाल छापायला गेला. आता आपणच चुकीचा म्हणालो तर पुढच्या वर्षी मशीनचा तास कोण देईल? मुलींचा वर्ग बंद पडेल. तुमची पुस्तिका गेलीच समजा." वाईट माणूस नाही. घाबरलाय. पुस्तिका गेलीच समजा – हे ऐकून क्षणभर मलाही वाटलं, राहू दे झालं. हे लिहायची लाज वाटते, पण वाटलं.

म्हणाले, पुढच्या अहवालात दुरुस्ती घालू.

पुढचा अहवाल सहा महिन्यांनी. केंद्र हलणार १ एप्रिलला.

शनिवार, ११ मार्च

दादाला विचारलं, लूमवर कापडात फट पडली तर काय करता? म्हणाला, "तवाच लूम थांबवायचा. पुढं इनत गेला त कापडाचा सगला ताका जातो." एवढं बोलून चहा प्यायला लागला.

शनिवार, १८ मार्च

समितीसमोर उभी राहिले. सर शेवटी म्हणाले होते, बोला, मी अडवणार नाही. त्यांनीच बैठक बोलावली. हे त्यांच्या नावे लिहून ठेवलं पाहिजे.

फळ्यावर तीन आकडे लिहिले – १६५, ३८, ९. एकेकाचा अर्थ सांगितला. मराठीतल्या काँप्युटरचं कौतुक करणारे ते सभासद म्हणाले, "म्हणजे यंत्र चुकलं म्हणायचं!"

म्हटलं, "यंत्र नाही चुकलं. मी चुकले. यंत्राला काय करायचं ते त्याच्या पुस्तकात लिहिलं होतं. मी माझ्या पुस्तकात नाही लिहिलं. मला वाटलं नवीन माणसाला कशाला."

समितीतल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे ध्यानात कुणाच्या आलं? दाराशी तानी उभी होती. तिचं नाव घेतलं. सगळ्यांनी मागे वळून बघितलं, तशी ती खांबाआड झाली.

दीड तास चर्चा. वर आवाज चढले. शेवटी ठराव रद्द. केंद्र हलणार नाही. शिवाय कोनच्या रस्त्याला ज्या भट्ट्या आहेत तिथे तराजू न्यायचा, ती अडतीस मुलं शोधायची. तानी आणि हौसा जातील.

पुस्तिकेचं काय, कुणीच विचारलं नाही. मला वाटायचं सगळं जग तिच्याकडे बघतंय!

शनिवार, २५ मार्च

धुळवड. बाहेर दंगा. मी दार लावून पान तीन पुन्हा लिहिलं. सहाव्यांदा.

आता असं आहे: "एन छापा. नेहमी छापा. आपण दिलेले आकडे किती आणि मशीनने धरलेले किती, हे आधी जुळवा. जुळले नाहीत तर उत्तराकडे बघू नका, आधी उरलेले शोधा." शिवाय शीटवर एक नवा चौकोन. १ म्हणजे वजन घेतलं. २ म्हणजे गावाबाहेर. ३ म्हणजे मूल वारलं. ३ असेल तर तारीख.

गाळलेले सहाही प्रश्न परत घेतले. पुस्तिका आता प्रश्नांपासूनच सुरू होते. पहिला तानीचा. खाली उत्तर. खुळा प्रश्न असा नसतोच, असलं काही सुभाषित मी वर घालणार होते. खोडलं. मला काय अधिकार!

परवा तानीला विचारलं होतं – त्या दिवशी मी हसले, तेव्हा पुन्हा का नाही विचारलंस? म्हणाली, "येकदा इचारलं व्हतं ना, बाई." राग नव्हता आवाजात. असता तर बरं झालं असतं.

शुक्रवार, ३१ मार्च

नव्या चौकोनात तारखा भरायच्या म्हणून पडघ्याहून मूळ रजिस्टर मागवलं. आमच्या शीटवर नुसते नंबर, नावं फक्त रजिस्टरात. नऊ नंबर एकेक करून काढले. पहिलं शून्य क्रमांक ३१ ला.

क्र. ३१. मुलगी. वय एक वर्ष चार महिने. जूनचं वजन पाच किलो आठशे. बापाचं नाव – धाकल्या. आईचं नाव – तानी.